टीव्ही गेमची परीक्षा

"बाई, मी कॉम्प्युटरला हरवलं! लेव्हल सात!"

गेल्या वर्षीच्या सहामाही परीक्षेच्या आधीची गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी प्रार्थनेआधीच धावत आली आणि धापा टाकत मला हे सांगून गेली. तिच्या मागून तिचे पप्पा. गाडी वळवता वळवता थांबले आणि म्हणाले, "मॅडम, नाताळच्या सुट्टीत सांगलीला मुलांची स्पर्धा आहे म्हणे. हिला घालतोय. नंबर काढणार बघा ही!"

तुम्हाला वाटेल, बाईंना केवढा आनंद झाला असेल. झालाच. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत बुद्धिबळाच्या पटावरून भांडणं लागतात. भांडण पटासाठी असेल तर मी सहसा मधे पडत नाही. पण 'लेव्हल सात' हे दोन शब्द कानावर पडले आणि माझ्या पोटात गोळाच आला. हेच शब्द मी आमच्या घरात १९९८ साली ऐकले होते. त्यांच्यापायी माझ्या दादाचं बुद्धिबळ सुटलं.

मी तेव्हा पाचवीत होते आणि दादा नववीत. दिवाळीला मुंबईच्या मामांनी टीव्ही गेम आणला होता. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. एक पांढरा डबा, त्याला वायरने जोडलेले दोन रिमोट आणि वरच्या खाचेत बसवायची पिवळी कॅसेट. गेम लागला नाही तर कॅसेट काढायची, तिच्यात जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. फुंकरीने खरंच काही होत होतं का, देव जाणे, पण सगळे मारायचे. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र काढलं होतं. आपल्याकडचे बहुतेक डबे त्याचीच नक्कल होते. आतला मेंदू ८ बिटांचा, आणि काम करायला स्मरण किती, तर २ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला एखादा फोटो त्याच्या हजारपट जागा खातो.

मामांनी आणलेल्या एका कॅसेटमध्ये बुद्धिबळ होतं. त्यात लेव्हल एक ते सात. दादाला गावातल्या पारावर बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी थोडंफार शिकवलेलं होतंच. तो त्या गेमला अक्षरशः चिकटला. आणि फेब्रुवारीत एका रात्री तो ओरडला, "लेव्हल सात! हरवलं!"

आता त्या वेळचा काळ लक्षात घ्या. मे १९९७ मध्ये आयबीएमच्या 'डीप ब्लू' नावाच्या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला ६ डावांच्या सामन्यात ३.५-२.५ असं हरवलं होतं. बाबांनी ती बातमी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली होती. मग बाबांनी हिशेब कसा मांडला असेल? कॉम्प्युटरने कास्पारोव्हला हरवलं, आमच्या पोराने कॉम्प्युटरला हरवलं. पुढचं त्यांनी उघड म्हटलं नाही, पण दूध संस्थेपासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे "आमचा पोरगा कॉम्प्युटरला हरवतो" हे सांगून झालं. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा आणि आमचा डबा म्हणजे त्याच्यासमोर मुंगीसुद्धा नव्हे, हे आम्हाला कोण सांगणार? दोघांनाही 'कॉम्प्युटर'च म्हणायचे ना!

१९९९ च्या उन्हाळ्यात बाबा दादाला सांगलीला स्पर्धेला घेऊन गेले. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे सांगली म्हणजे बुद्धिबळाची पंढरीच. तिथली बारकी बारकी पोरंसुद्धा घड्याळ लावून खेळतात. दादा सात फेऱ्या खेळला. गुण मिळाला एक, तोही समोरचा मुलगा आला नाही म्हणून. पहिल्याच फेरीत त्याला माझ्याएवढ्या, म्हणजे पाचवीतल्या मुलाने हरवलं. परत येताना एसटीत बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले नव्हते, त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं. दादाने मात्र त्याचा वेगळाच अर्थ घेतला. घरी आल्यावर त्याने पट, सोंगट्या, वही, टीव्ही गेम सगळं एका पोत्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं. आज तो साखर कारखान्यात केमिस्ट आहे, दोन मुलांचा बाप आहे. पण त्यानंतर त्याने प्याद्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

म्हणून माझ्या पोटात गोळा आला. त्या मुलीला नको म्हणावं, तर तिचा उत्साह मारल्यासारखं. जा म्हणावं, तर डिसेंबरात आणखी एक पट माळ्यावर जायचा.

डी.एड.ला आम्हाला मूल्यमापन शिकवलं होतं. परीक्षा घ्यायची म्हणजे काय, ती परीक्षा खरंच जे मोजायचं तेच मोजते का, आणि पुन्हा घेतली तर उत्तर तेच येतं का. तेव्हा मी ते पाठ करून लिहिलं होतं आणि विसरले होते. आता मनात आलं, लेव्हल सात म्हणजे किती हे कुणी मोजलंय? ज्याने गेम बनवला त्यानेच आकडा चिकटवला! एखाद्या शाळेने स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच तपासायचा आणि स्वतःच "आमचा पहिला नंबर" असं म्हणायचं, त्यातलाच प्रकार. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला सगळ्या शाळांना एकच पेपर असतो, म्हणून तिथला गुण गुण असतो.

मी ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीत आपण टीव्ही गेमचीच परीक्षा घ्यायची. आईकडे जाऊन माळ्यावरून पोतं काढलं. डबा चालतोय का, हीच शंका होती. नव्या टीव्हीला तो जोडताच येईना. शेवटी शेजाऱ्यांच्या अडगळीतला जुना खोका टीव्ही आणला, चॅनल फिरवत बसलो आणि कॅसेटमध्ये फुंकर मारली. लागला! पडद्यावर चौकटी उमटल्या तेव्हा अंगणात जमलेल्या चारही मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी अर्थातच त्यात होती.

परीक्षक म्हणून मी आमच्या गावच्या निवृत्त पोस्टमास्तर काकांना गळ घातली. काकांना फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग आहे: १५२०. हे रेटिंग काय असतं ते सांगते, म्हणजे पुढचा हिशेब तुम्हाला घरी करता येईल. अर्पाड इलो नावाचे, जन्माने हंगेरियन आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांनी ही पद्धत बसवली आणि फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिची मेख अशी की, नुसता आकडा काहीच सांगत नाही, सांगतो तो दोन आकड्यांतला फरक. दोघांत २०० चा फरक असेल तर वरचढ खेळाडूने ४ डावांत साधारण ३ गुण मिळवावेत. फरक ४०० असेल तर ११ डावांत १०. उलटही करता येतं. डाव खेळायचे, गुण मोजायचे आणि त्यावरून फरक काढायचा. म्हणजे ज्याचं रेटिंग माहीत आहे असा एक माणूस मिळाला की कोणालाही तोलता येतं. वाण्याच्या तराजूत एका पारड्यात वजन असतं ना, तसे काका आमचं वजन!

काका म्हणाले, "आठ डाव खेळतो. पण सुट्टीचं फराळ तुझ्याकडे."

पहिल्या दिवशी आम्ही डाव खेळलोच नाही, फक्त घड्याळ लावलं. लेव्हल एकला डबा दोन-तीन सेकंदांत चाल करायचा. लेव्हल चारला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. सातला तीन-तीन मिनिटं. का बरं? प्रोग्रॅम काय करतो, तर मनातल्या मनात प्रत्येक चाल खेळून बघतो, मग तुमचं प्रत्येक उत्तर, मग त्यावर आपली चाल. शेवटी दोन्हीकडच्या सोंगट्यांची किंमत मोजतो: प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. हे ऐकायला सोपं वाटतं. पण मोजून बघा. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याला २० चाली असतात, प्याद्यांच्या १६ आणि घोड्यांच्या ४. काळ्यालाही २०. म्हणजे एकेक चाल होईपर्यंत ४०० मार्ग. तिसऱ्या चालीला ८,९०२ आणि चौथ्या चालीला १,९७,२८१! एक पाऊल पुढचं बघायचं तर काम वीसपट, पंचवीसपट वाढतं. म्हणून लेव्हल सात म्हणजे लेव्हल एकच्या सातपट हुशार असं मुळीच नाही. बराच वेळ घेऊन एखाद-दुसरं पाऊल पुढचं बघणारा, एवढाच त्याचा अर्थ.

काकांनी मग एक गंमत सांगितली. १९७९ साली अटारी कंपनीने टीव्ही गेमसाठी पहिल्यांदा बुद्धिबळ काढलं, 'व्हिडिओ चेस'. सगळा प्रोग्रॅम ४ किलोबाइटमध्ये, आणि यंत्राचं स्मरण १२८ बाइट. इंग्रजीतल्या दोन ओळी लिहिल्या की संपलं. विचार करताना त्याला पडद्यावर पट दाखवायलासुद्धा सवड नसायची, नुसते रंग बदलत राहायचे. आणि त्याच्या सगळ्यात अवघड पातळीवर एका चालीला दहा-दहा तास लागायचे. "म्हणजे चाल करून झोपायचं," काका म्हणाले, "आणि सकाळी उठून बघायचं, काय खेळलाय."

मला एकदम आठवलं. दादानेही एकदा डबा रात्रभर चालू ठेवला होता, आमच्याही गेमला जास्त वेळ दिला तर तो आणखी हुशार होईल म्हणून. पहाटे लाइट गेली. भारनियमन! सकाळी पडदा काळा आणि दादाचं तोंड त्याहून काळं.

दुसऱ्या दिवसापासून खरी परीक्षा सुरू झाली. काका विरुद्ध डबा, लेव्हल सात, दिवसाला एक डाव. मुलांनी वहीत चाली लिहायच्या. पहिले दोन डाव काका सहज जिंकले. दुसऱ्या डावात एक मजा झाली. डब्याचा वजीर अडकला होता, चार चालींत मरणारच होता. तर डब्याने काय करावं? उगाच एक प्यादं दिलं, मग आणखी एक, मग उंट. मुलं हसायला लागली. मी काकांना विचारलं, "हा असा का करतोय? बिघडला का?" काका म्हणाले, "बिघडला नाही. त्याला तीन-चार चालींपुढचं दिसत नाही. मधे प्यादं फेकलं की वजिराचं मरण त्याच्या नजरेपलीकडे जातं. त्याला वाटतं, टळलं!" बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमांतल्या या खोडीला 'क्षितिजाचा परिणाम' म्हणतात. प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी लपवून "उद्या बघू" म्हणणारी मुलं माझ्या ओळखीची आहेत. तुमच्याही असतील.

चौथा डाव ऐतिहासिक ठरला. काकांनी चकलीच्या नादात चूक केली आणि शेवटी पटावर डब्याचे राजा आणि हत्ती, काकांचा नुसता राजा. मुलांचे चेहरे उतरले. काका मात्र चहा मागवून निवांत बसले. राजा आणि हत्तीने एकट्या राजावर मात कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त १६ चालींत करता येते. आमच्या चौथीतल्या तीन मुलांना ती येते. डब्याला येत नव्हती! तो हत्तीने शह देई, पुन्हा मागे येई, पुन्हा शह देई, पण स्वतःचा राजा काही पुढे आणेना. मात वीस चाली पुढे असते आणि त्याला दिसतात चार. मुलांनी मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. ५० चाली झाल्या, मारामारी नाही, प्यादं तर पटावर नाहीच. नियमाने डाव बरोबरीत. अर्धा गुण.

आठ डाव संपले तेव्हा काकांचे ७ विजय आणि १ बरोबरी, म्हणजे साडेसात गुण. हिशेब केला तर फरक येतो ४७०. १५२० मधून ४७० गेले, उरले १०५०. लेव्हल सातचा बडेजाव एवढाच! मार्च २०२४ पासून फिडेची यादीच १४०० पासून सुरू होते, म्हणजे आमच्या डब्याचं नावसुद्धा त्यात लागलं नसतं.

मी फळ्यावर १०५० लिहिणार, तेवढ्यात काकांनी खडू धरला. "थांब. त्याला हत्तीची मात येत असती तर?" मग काकांना सातच गुण मिळाले असते. पुन्हा हिशेब केला, तर ११८२! आणि काका आणखी एक डाव हरले असते तर १३२९. एका डावाने शंभर-दीडशे इकडेतिकडे! आठ डावांवरून काढलेला आकडा हा असा. दुसरं म्हणजे, वजन आणि वस्तू जवळपासची हवी. गव्हाचं पोतं तोलायच्या काट्यावर अंगठी ठेवली तर काटा हलेल का? काका डब्याच्या मानाने फारच वरचढ होते, म्हणून मोजमाप ढोबळ झालं. मी फळ्यावर '१०५० ते १३०० च्या आसपास' असं लिहिलं. मुलांना ते आवडलं नाही, त्यांना एकच आकडा हवा होता. पण मला त्याहून खरं काही लिहिता येईना.

मग आम्ही त्या मुलीलाच डब्यासमोर बसवलं. चार डाव. ती तीन हरली, एक जिंकली. तिचे डोळे भरून आले. "पण बाई, मोबाइलवर तर लेव्हल सात..." काकांनी तिच्या मोबाइलवर एक डाव खेळून बघितला आणि मिशीतल्या मिशीत हसले. "हा नऊ चाली ग्रँडमास्टरसारखा खेळला आणि दहाव्या चालीला फुकटात वजीर दिला. माणूस असा खेळत नाही." त्या गेममध्ये सोप्या पातळीसाठी मुद्दाम अधूनमधून वाईट चाल खेळायची सोय दिसत होती. मूळचा प्रोग्रॅम इतका बलवान असतो की त्याला खाली आणायला असा काहीतरी उपाय करावा लागतो. म्हणजे ती मुलगी काय करत होती, तर डबा केव्हा चुकतो याची वाट बघत होती. सांगलीची पोरं अशी वेळ ठरवून चुकत नाहीत.

नवं यंत्र म्हणजे हुशार यंत्र, असंही समजू नका बरं का. जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभियंत्याने चॅटजीपीटीला त्या १९७९ च्या अटारीच्या बुद्धिबळाशी खेळायला बसवलं, तेही अगदी सोप्या पातळीवर. चॅटजीपीटी हरला! हत्ती कुठला आणि उंट कुठला याचाच त्याचा गोंधळ उडत होता. निबंध लिहिणं आणि डाव खेळणं ही दोन वेगवेगळी कामं. त्यात १२८ बाइटवाल्या म्हाताऱ्याला एकच काम येत होतं, आणि ते येत होतं.

भाऊबीजेला दादा आला. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि बाहेरच्या खोलीत जाताच तो थबकला. खोका टीव्ही, पांढरा डबा आणि पडद्यावर मांडलेला डाव. त्या मुलीसकट तिघं जण खाली सतरंजीवर बसली होती. मला वाटलं, हा आता चिडणार. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने रिमोट उचलला, गेम नव्याने सुरू केला आणि लेव्हल सात लावली.

तो पडद्याकडे बघतसुद्धा नव्हता. राजासमोरचं प्यादं दोन घरं. डब्याने विचार केला, चाल केली. दादाने घोडा काढला. डब्याची चाल. दादा मुलांना हळूच सांगायचा, "आता तो उंट काढेल." डबा उंट काढायचा. "आता किल्लेकोट करेल." करायचा. मुलं अवाक! डब्याच्या प्रत्येक चालीला तीन मिनिटं, तोपर्यंत दादा पुढची चाल सांगून गप्प बसलेला. २३ व्या चालीला वजिराने मात. सत्तावीस वर्षांनी तोच डाव, जसाच्या तसा.

मुलांनी टाळ्या पिटल्या. त्या मुलीने मात्र वाजवल्या नाहीत. ती माळ्यावरून काढलेली दादाची वही चाळत बसली होती. म्हणाली, "काका, यात लिहिलेले हे सगळे चाळीस डाव एकच आहेत."

आणि ते खरं होतं. त्या डब्याला सारखीच स्थिती दिली की तो सारखीच चाल करायचा. फासा नाही, मूड नाही. दादाला एकदा जिंकायचा रस्ता सापडला आणि मग तो रोज त्याच रस्त्याने गेला. चाळीस डाव जिंकल्याचं त्याने लिहून ठेवलं होतं, पण जिंकला होता एकच. मी ती वही लहानपणी शंभरदा पाहिली असेल, माझ्या कधी लक्षात आलं नाही.

"काका," ती म्हणाली, "त्याने चौथ्या चालीला दुसरंच काही केलं असतं तर?"

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माहीत नाही गं. त्याने कधी केलंच नाही. सांगलीच्या त्या पोराने केलं." आणि मग तो चक्क हसला. त्या स्पर्धेबद्दल बोलताना त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "चौथ्याच चालीला केलं. मी वीस मिनिटं नुसता बघत बसलो होतो, मशीन बिघडलं काय म्हणून!"

त्या रात्री दादा आणि ती मुलगी सतरंजीवर पट मांडून बसली. खरा पट, लाकडी सोंगट्यांचा, पोत्यातला. एक उंट हरवला होता, त्याच्या जागी बाटलीचं बूच. दादाने तिला एकच नियम घातला: रोज वेगळ्या पहिल्या चालीने खेळायचं.

तिच्या पप्पांशी बोलायचं काम माझ्याकडे राहिलं. खरं सांगते, डब्याच्या परीक्षेपेक्षा ते अवघड होतं. मी त्यांना वही दाखवली, आठ डावांचा हिशेब दाखवला, तिच्या चार डावांचाही दाखवला. आमच्या ढोबळ मापाने ती साधारण ८५० ते ११०० च्या दरम्यान येत होती. "म्हणजे पाठवू नको म्हणता?" ते जरा घुश्शातच म्हणाले. मी म्हटलं, "पाठवाच. सहा फेऱ्या आहेत. दोन गुण मिळाले तर पेढे वाटा. आणि एसटीत परत येताना तिच्याशी बोला, डाव कसे झाले ते विचारा." शेवटचं वाक्य मी का म्हणाले, ते त्यांना कळलं नसेल.

डिसेंबरात ती सांगलीला गेली. सहा फेऱ्यांत दोन गुण! पेढे वर्गात आले, मला दोन मिळाले. चौथा डाव ती रेटिंगवाल्या मुलाशी साठ चाली लढून हरली होती, आणि तोच तिला सगळ्यांना सांगायचा होता. तिने लिहिलेल्या चालींचा फोटो मी दादाला पाठवला. तासाभराने त्याचा फोन आला. कारखान्यात गाळप जोरात, मागे यंत्रांचा आवाज.

"अगं, सव्विसाव्या चालीला हत्ती सातव्या ओळीत का नेला नाही, ते विचार तिला."

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "नेणार होते बाई. पण तिथून पुढचं मला दिसेना."